वाढत्या अंगाची सायकल

जयराजने लेकीला सायकल घेतली ती वाढत्या अंगाची. झगा घ्यायचा तर खाली चार बोटे दुमड मारलेला, पायताण घ्यायचे तर टाचेमागे अंगठा जाईल असे, ही त्या घराची पूर्वापार रीत होती. आणि जी गोष्ट कापडाला व कातड्याला लागू, ती लोखंडाला का नसावी, असा विचार त्याने सांगलीच्या दुकानात उभ्या उभ्या केला. आठ वर्षांच्या प्रांजलला त्याने सायकलीवर बसवून पाहिले. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत राहिले. तेव्हा दुकानदाराने मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लहान चाके बसवून दिली, आणि "आता दहावीपर्यंत बघायला नको," असे घरी सांगून, सुटी संपताच जयराज आपल्या पलटणीत निघून गेला.

पुढची दोन वर्षे प्रांजल वस्तीवरच्या अंगणात सायकल फिरवीत राहिली. अंगण शेणाने सारवलेले आणि तळहातासारखे सपाट. तिथे ती चार चाकांची गाडी कोंबड्या हाकीत, तुळशीला वळसा घालीत सुरेख चाले. सायकल येते की नाही हा प्रश्न कोणी काढला नाही, कारण ती येते असेच सर्वांना वाटत होते.

प्रश्न निघाला तो पोर चौथी पास झाल्यावर. वस्तीजवळची शाळा चौथीपर्यंतची. पाचवीसाठी हायस्कूल गाठायचे, तर वस्तीच्या खालचा ओढा ओलांडून रानांमधल्या पाणंदीने कालव्यावर जायचे आणि कालव्याच्या कडेने शाळेच्या फाटकापर्यंत. सगळे मिळून अडीच किलोमीटर. डांबरी सडकेने जावे तर सहाचा वळसा, आणि त्यातला अर्धा चौपदरी रस्त्याचा, जिथे मोठी माणसेही जीव मुठीत धरून दुचाकी घालतात. प्रांजलची आई दीपमाला अंगणवाडीत मदतनीस होती. ती नऊला उलट दिशेने निघे. प्रांजलचा आजा नानासो सदुसष्ट वर्षांचा, गुडघ्याने अधू, काठीवाचून ओढा न उतरणारा. तेव्हा पोरीने एकटीने जायचे, सायकलवर जायचे आणि पाणंदीने जायचे, हे ठरल्यासारखेच होते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नानासो तिला पहिल्यांदा पाणंदीत घेऊन गेला. ओढ्यातून सायकल ढकलीत नेली. पलीकडे चढून प्रांजल बसली, तिने पाय मारला, आणि सायकल जागची हलली नाही.

"आबा, चाक फिरतंय. सायकल जाईना."

नानासो खाली वाकला. पाणंद मधे माणसांच्या पायांनी खोल गेली होती आणि दोन्ही कडा उंच होत्या. बाजूची लहान चाके त्या कडांवर चढली होती, आणि मागचे मोठे चाक मधल्या घळीवर दोन बोटे अधांतरी गरगरत होते.

"ही चाकं काढाय पायजेत," तो म्हणाला.

"काढल्यावर मी पडंन की."

"पडशील. मग उठशील."

घरी येऊन त्याने पान्याने दोन्ही चाके काढली, नट-बोल्ट फडक्यात बांधले आणि ती पुरचुंडी कोनाड्यात ठेवली. काढलेली वस्तू कुठे आहे हे ठाऊक असावे, एवढ्यासाठी. नानासोचे सगळे असेच असे. भिंतीवरच्या खिळ्याला त्याच्या कागदांची पिशवी टांगलेली होती, तीत तीन वर्षांच्या अर्जांच्या प्रती तारीखवार लावलेल्या होत्या.

ते अर्ज त्याच पाणंदीचे होते. नकाशात ती गाडीवाट, साडेसोळा फुटांची. नानासोच्या बापाच्या काळात तिच्यातून बैलगाडीला बैलगाडी आडवी जाई. पुढे कालव्याच्या बाजूने ऊस निघू लागला, गाड्यांचे काम उरले नाही, आणि पाणंद दोन्हीकडच्या उसांमध्ये आक्रसत आक्रसत साडेचार फुटांवर आली. एका बाजूला नानासोचे रान, दुसऱ्या बाजूला केरबाचे. तीन वर्षांपूर्वी नानासो हद्दीचा दगड शोधायला पाणंदीच्या कडेने वाकून वाकून फिरला, आणि दगड मिळाला नाही. ओढ्याच्या तोंडाशी रोवलेला, माथ्यावर फुली कोरलेला तो दगड त्याने लहानपणापासून पाहिलेला होता. तो नाही याचा अर्थ कोणीतरी तो काढला, आणि ते कोणीतरी केरबावाचून दुसरे कोण असणार? त्याने अर्ज लिहवून घेतला: 'सदर केरबा यांनी हद्दीचा दगड उपटून नष्ट केला व वाट खाल्ली.' लिहिणारा म्हणाला, 'काढून टाकला' लिहू. नानासोने 'नष्ट' हाच शब्द घालायला लावला. येत्या वीस जूनला मंडल अधिकारी पाहणीला येणार होते.

तेव्हापासून केरबा नानासोशी बोलत नसे. तो आपल्या म्हशीशी बोले, पण नानासो कानाच्या टप्प्यात असतानाच.

चाके काढली त्या संध्याकाळी दीपमाला भाकरी थापता थापता म्हणाली, "मामा, मी एक बोलू का?" सासऱ्याला ती मामा म्हणे. "पंधरा तारखेला शाळा भरती. तवर हिला आली तर बरंच झालं. न्हाई आली तर संयोगिताला मी बोलून ठेवलंय."

संयोगिता तिची धाकटी बहीण. तिचा नवरा कुपवाडला कारखान्यात कामाला.

"काय बोलून ठेवलंयस?"

"त्यांच्या दारातनं शाळा दिसती. तितं ठिवू वरीसभर."

"दारातनं दिसली म्हंजी शिकून हुती व्हय शाळा?"

"मग काय करू सांगा. डांबरीनं एकटी धाडू?"

चुलीपाशी बसलेली नानासोची बायको धोंडुबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पोर गेली म्हंजी घरात दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचं. तुमी मग मलाच अर्ज लिवशीला."

जेवताना नानासोने शाळेपर्यंतचे दिवस मोजले. अठरा होते.

पहिले चार दिवस अंगणात गेले. ओट्यापाशी सायकल उभी करायची, ओट्यावर पाय ठेवून प्रांजलने बसकणीवर चढायचे, नानासोने मागून बसकण धरायची. ती तिसऱ्या दिवशी एकटी तुळशीपर्यंत गेली, चौथ्या दिवशी गोठ्यापर्यंत. तोल तिला लवकर सापडला. सापडेना ते निराळेच: थांबणे आणि पुन्हा चढणे. पाय जमिनीला पुरत नव्हते. दोन वर्षांत ती वाढली होती, पण सायकलीएवढी नाही. थांबली की ती सायकलसकट एका अंगाला कलंडे, आणि ओट्यावाचून तिला वर चढता येत नसे.

"बसकण खाली घ्या की जरा," धोंडुबाई म्हणाली.

"खालीच हाय. आणखी खाली न्हाई जात."

"लेकानं घेतानाच उंट घेतलाय."

रविवारी जयराजचा व्हिडिओ कॉल आला. मागे डोंगर दिसत होते आणि वाऱ्याने आवाज तुटत होता. "आबा, मागनं धरा आन् पळा, सोडू नगा," असे तो म्हणाला. नानासोने फोन तोंडाजवळ धरून उत्तर दिले, "तू धर आन् तू पळ. दहावीपर्यंत बघाय नगो म्हणाला हुतास. आता बघतुया मी." तिकडे जयराज हसला आणि चित्र थिजले.

पाचव्या दिवशी ते पुन्हा ओढ्यापलीकडे गेले. आभाळ भरून राहिले होते, वारा पडला होता, आणि दोन्हीकडच्या उसाने पाणंदीतली हवा कोंडून धरली होती. दसऱ्यानंतरची लागण, ऊस आता माणसाच्या वर गेला होता. त्याची पाती मधे येऊन एकमेकांत गुंतली होती. प्रांजलने बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

नानासोला पळता येत नव्हते, म्हणून त्याने उपाय योजून आणला होता. आपली वेळूची काठी त्याने मागच्या कॅरिअरवर आडवी ठेवली आणि सुतळीने करकचून बांधली. सायकल कलंडली, तर काठीचे टोक जमिनीला टेकेल आणि पोर पुरती आपटणार नाही. या भागातली कित्येक पोरे अशीच शिकली होती. शिवाय त्याने हिशेब केला होता. काठी चार फुटांची, वाट साडेचारांची. दोन्हीकडे तीन तीन इंच मोकळे राहत होते. हिशेबात चूक नव्हती. फक्त शिकणारी सायकल सरळ रेषेत जात नसते, एवढे त्यात धरलेले नव्हते.

पहिल्यांदा काठीचे उजवे टोक केरबाच्या उसात अडकले. प्रांजल पुढे हँडलवर गेली. दुसऱ्यांदा डावे टोक अडकले. तिसऱ्यांदा ती काही न होताच पडली, कारण ती आता काठीकडेच बघत होती.

केरबा म्हैस घेऊन ओढ्यावर आला होता. म्हैस पाण्यात बसली. तो काठावर उकिडवा बसून तंबाखू मळू लागला.

"बघ गं म्हशी," तो मोठ्याने म्हणाला, "माणसं सायकलला बी काठी धरायला लावत्यात. म्हाताऱ्याची तऱ्हाच न्यारी."

"वाट जर कुणी खाल्ली नसती," नानासो आभाळाकडे बघत म्हणाला, "तर हितं बैलगाडी शिकवली असती मी."

"खाणाऱ्याचं तोंड दिसतंय का गं म्हशी? तुझंच लय मोठं हाय. तूच खाल्ली असशील."

प्रांजल हसली. नानासोने तिच्याकडे पाहिले तशी गप्प झाली.

"चढ," तो म्हणाला. त्याने तिला उचलून वर बसवले, एका हाताने बसकण आणि दुसऱ्याने हँडल धरले, आणि रागाच्या भरात, गुडघा विसरून, चार पावले पळत जोराने ढकलले. काठीचे डावे टोक उसाच्या कांडीला अडले, सायकल गर्रकन वळली आणि पहिल्याच सरीच्या तोंडातून सरळ आत घुसली. नानासोच्या रानातल्या सऱ्या पाणंदीला काटकोनात होत्या आणि आत उताराच्या. पाती सळसळली, सायकल दिसेनाशी झाली आणि मग खाडकन लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला.

"आई गं!"

तो पाला दोन्ही हातांनी फाडीत आत गेला. प्रांजल सरीत बसली होती. तिचा गुडघा फुटला होता आणि गालावर पात्यांचे बारीक लाल ओरखडे होते. त्याने माती पुसून पाहिले. जखम खोल नव्हती. त्याने मुंडाशाचे टोक फाडून बांधले.

"कशाला लागलं?"

"ह्या दगडाला."

"उसात दगड कुठला?" तो म्हणाला. बापजाद्यांनी वेचून वेचून त्या काळ्या रानात गोटाही ठेवला नव्हता.

तिने बोट दाखवले. वाळल्या पाल्याच्या पाचटाखाली वीतभर वर आलेला काळा दगड होता. चाकाने पाचट सरकले होते, आणि माथ्यावरची फुली धुळीने भरलेली असली, तरी स्पष्ट दिसत होती.

नानासो तिथेच उकिडवा बसला. मग त्याने पाचट पुन्हा दगडावर ओढले.

"चल. आज बास."

त्या दिवशी तो काठी सोडवून टेकीत, पोरीला पाठुंगळीला घेऊन ओढा उतरला, आणि मग परत जाऊन सायकल आणली. धोंडुबाईने हळद भरली. "कुठं पडली?" तिने विचारले. "पाणंदीत," नानासो म्हणाला. प्रांजल काही बोलायला गेली आणि आज्याचे तोंड बघून थांबली.

त्याला सगळे आठवत होते, आणि आठवत होते म्हणूनच रात्री जेवण गेले नाही. जयराज भरती झाला त्या साली त्याने सऱ्यांची तोंडे हातभर पुढे पाणंदीत ओढली होती. एका सालापुरती, पाणंद पडूनच आहे, कोण येतो. पुढच्या लागणीला ट्रॅक्टरवाल्याने विचारले, "कुठनं धरू?" आणि त्याने गेल्या सालच्या धसकटांकडे बोट दाखवून म्हटले, "तितनंच, जरा फुडं." असे अकरा वर्षे. ओढ्याकडच्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळत नसे, तिथली भर मजुरांच्या कुदळीची, म्हणून दगड कधी फाळाला लागला नाही. ठिबक आल्यापासून पाणी पाजायलाही कोणी आत शिरत नसे. आणि तीन वर्षांपूर्वी त्याने दगड शोधला तो आजच्या पाणंदीच्या कडेला. दगड आपल्या जागी होता. नानासोने तो भलत्या ठिकाणी शोधला होता.

आणि आता वीस तारखेला पाहणी होती.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच तो पहार आणि खोरे घेऊन एकटाच ओढा उतरला. सरीत शिरून त्याने दगडाच्या एका अंगाची माती काढायला सुरुवात केली. दगड हलवून पाणंदीच्या आजच्या कडेला रोवायचा, नऊ फुटांचा प्रश्न. पुढचे त्याने मनात आणले नाही. त्याने हातभर खणले. दगड खाली रुंद होत गेला होता. आणखी हातभर खणले. पहार घालून जोर केला, तशी पहार वाकल्यासारखी झाली आणि त्याच्या कमरेतून कळ निघाली. ज्यांनी तो रोवला, त्यांनी तो पुन्हा हलावा म्हणून रोवला नव्हता. घामाने डोळे चुरचुरत होते, आणि मानेवर पात्यांची काटेरी कूस चावत होती.

"आबा?"

पाणंदीत प्रांजल उभी होती. गुडघ्याला हळदीचे फडके, हातात सायकल. ती एकटी ओढ्यातून सायकल घेऊन आली होती.

"तू कशाला आलीस?"

"आज सहावा हाय. तुमीच म्हणालासा रोज यायचं." ती सरीतून आत आली, आणि खड्ड्याकडे बघून तिचे तोंड उजळले. "मला लागला म्हणून काढताय व्हय?"

नानासोच्या हातात पहार होती. सगळी हयात तो शब्दाला शब्द देत आला होता. तहसीलच्या कारकुनाला त्याने कलमे वाचून दाखवली होती. या वेळी त्याच्या तोंडून व्हयही निघेना आणि न्हाईही.

"ऱ्हाऊ द्या की," प्रांजल म्हणाली. "मला लय न्हाई लागलं. आणि बघा..." तिने सायकल न खणलेल्या अंगाने दगडाला लावून उभी केली, दगडाच्या माथ्यावर डावा पाय ठेवला, आणि ओट्यावरून चढावे तशी सहज बसकणीवर चढली. दुसरा पाय पायडलवर गेला. कोणी धरलेले नव्हते. "बगितलं? आपल्या ओट्यागत हाय. हितनं मला एकटीला चढाय येतंय."

तिने पुढे पाहिले. पुढे नऊ फूट उभा ऊस आणि पाला होता.

"पण हितनं भाईर जायाला वाट न्हाई," ती म्हणाली.

नानासोने पहार खाली ठेवली. मग त्याने खोऱ्याने काढलेली माती पुन्हा दगडाभोवती लोटली आणि पायाने चेपली.

"घरला जा," तो म्हणाला. "आज्जीकडनं कोयता घेऊन ये."

कांडी धरलेला हिरवा ऊस कापताना येतो तो आवाज निराळा. पक्का ऊस ठण्ण वाजून तुटतो; हा ओला, कच्चा, दाताखाली गवत यावे तसा करकरत होता. पहिल्या सरीचे नऊ फूट कापून झाले, तेव्हा धोंडुबाई ओढा चढून वर आली. तिने कापलेला ऊस पाहिला, मग दगड पाहिला. फुली पाहिली. पदराने तोंड पुसले.

"किती सऱ्या?"

"सासष्ट."

"हिरवा ऊस कापताय, माणसांनी इचारलं तर काय सांगू?"

"वैरण."

"सासष्ट सऱ्यांची? दोन म्हशींला?"

"मग खरं सांग."

धोंडुबाईने कासोटा घट्ट केला आणि दुसरा कोयता उचलला. त्या दिवशी ती त्याला एक शब्दही लावून बोलली नाही, आणि हे त्याला सर्वांत जड गेले.

पाच दिवस कापणी चालली. दीपमाला सकाळी कामावर जाण्याआधी दोन सऱ्या कापून जाई, आणि आल्यावर पेंढ्या बांधी. कापणी हे निम्मे काम होते. मागे राहिली धसकटे. कोयत्याने तासलेल्या त्या बुडख्यांवर चाक गेले, तर रबर फाटेल. ती कुदळीने उपटायची, सऱ्यांचे वरंबे फोडून घळीत लोटायचे आणि सारे खोऱ्याने सपाट करायचे. ठिबकच्या नळ्या मागे ओढून घ्यायच्या. नानासोच्या तळहाताला फोड आले, फुटले, आणि त्यावर पुन्हा आले. गुडघ्याला तो रात्री मिठाच्या पाण्याचा शेक घेई. प्रांजल धसकटे वेचून ओढ्याकाठी ढीग घाली, आणि जेवढी वाट मोकळी झाली, तेवढीत सायकल चालवी: दगडावर पाय, टांग, आणि मोकळ्या टोकापर्यंत. टोकाला पोचली की ती पडे, कारण उतरायला तिथे दगड नव्हता. मग सायकल ढकलीत परत दगडाकडे. रोज तिची वाट पाच-सहा सऱ्यांनी लांब होत होती.

सहाव्या दिवशी, कुदळीचे काम निम्म्यावर आले असताना, केरबा आला. म्हैस ओढ्यात बसवून तो वर चढला, आणि आपल्या रानाच्या कडेला उभा राहिला. त्याच्यासमोर दगड उघडा होता, मातीतून वीतभर वर, फुलीसकट.

"म्हशी," तो सावकाश म्हणाला, "हा बघ गं. ह्यो नष्ट झाल्याला दगड."

नानासो ताठ उभा राहिला. कमरेवर हात ठेवला.

"तू उपटला न्हाईस," तो म्हणाला.

केरबाने तंबाखूची चिमूट ओठात धरली. "काय म्हणाला गं म्हातारा? वारा हाय, ऐकू आलं न्हाई."

वारा नव्हता. पान हलत नव्हते. थोड्या अंतरावर धोंडुबाई आणि प्रांजल हातातले काम थांबवून बघत होत्या.

"केरबा," नानासो म्हणाला, "दगड तू उपटला न्हाईस. दगड माझ्या रानात हाय. वाट नऊ फूट मी खाल्ली. ईस तारखेला साहेबापुढं हेच सांगणार हाय, ह्याच शब्दांत."

केरबा तंबाखू थुंकला. तीन वर्षे साठवून ठेवलेले बरेच काही त्याच्या तोंडाशी आले असावे. त्याने दगडाकडे पाहिले, उपटलेल्या धसकटांच्या ढिगाकडे पाहिले, आणि पोरीच्या गुडघ्यावरच्या पिवळ्या फडक्याकडे पाहिले.

"नऊ तुमचं," तो म्हणाला. हे तो नानासोला म्हणाला. "आणि चार-साडेचार ही वाट. मग साडेसोळात ऱ्हायलं किती?"

"तीन," नानासो म्हणाला. "तीन फूट."

"ती माझ्याकडं हाईत. मला ठाऊक हाय. मी कवा नाकारलं? तुमी इचारलंच न्हाई, अर्जच केला." तो वळला, आणि जाता जाता म्हणाला, "पण आत्ता न्हाई सोडणार. ऊस गेल्यावर सोडीन. हिरवा कापायला मी तुमच्यागत येडा न्हाई."

"अर्जात लिवलं ते मी मागं घेतो."

"घ्या की. मी थांबलोय."

नानासोने कुदळ उचलली. तीन फूट तीनच होते, आणि नऊ नऊच. या हिशेबावर वाद घालायला जागा नव्हती, याचे त्याला पहिल्यांदाच वाईट वाटले नाही.

चौदा तारखेला संध्याकाळी शेवटची सरी सपाट झाली. वाट साडेतेरा फुटांची झाली होती. नानासोने काठी कॅरिअरवर ठेवली, तशी प्रांजल म्हणाली, "काठी नगो आबा. ती लागती कुठंतरी. पडले तर पडंन." त्याने सुतळी पुन्हा गुंडाळून खिशात घातली. तीनशे फूट ती न अडखळता गेली. कालव्याच्या टोकाला पोचल्यावर पायडलवरून उडी टाकून उतरली, सायकल तिच्या अंगावर आली आणि ती हसत तिच्याखाली बसली. तिथे कालव्याच्या पुलाचा कठडा होता. परतताना चढायला तिने तो आधीच हेरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दीपमालाने अर्धी रजा काढली होती. साडेनऊला तिने लेकीच्या दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी बांधल्या, आणि कुपवाडचे नाव काढले नाही. ओढ्यातून सायकल नानासोने धरून नेली. गणवेश वाढत्या अंगाचा होता. तो चेनमध्ये जाऊ नये म्हणून धोंडुबाईने बाजूला गाठ मारली. प्रांजलने दगडावर पाय ठेवला, टांग टाकली आणि निघाली. दप्तराच्या ओझ्याने सायकल एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, मग सरळ झाली. साडेतेरा फुटांत डावे-उजवे व्हायला पुष्कळ जागा होती. तिने मागे पाहिले नाही. मागे पाहिले की पडतो, हे तिला कळून चुकले होते. कालव्याच्या वळणावर लाल रिबिनी दिसेनाशा झाल्या, तेव्हा दीपमाला आपल्या वाटेने गेली.

नानासो मागे राहिला, कारण त्याला काम होते. त्याने चुन्याचा डबा आणि कुंचा आणला होता. पाच दिवसांनी साहेब येणार. हद्दीचा दगड लांबून दिसला पाहिजे, पंचनाम्यात संशय राहता कामा नये. तो गुडघा आवळून खाली बसला आणि डब्यात कुंचा बुडवला.

ओढ्याकडून केरबाचा आवाज आला.

"नाना."

नानासोने वर पाहिले. म्हैस पाण्यात होती, आणि केरबाची तिच्याकडे पाठ होती.

"वरनं चुना लावू नगासा," केरबा म्हणाला. "पावसाळ्यात बुळबुळीत हुतंय. पोरीचा पाय निसटंल."

नानासोने त्यावर थोडा विचार केला. आक्षेप घेण्यासारखे त्यात काही सापडले नाही. त्याने दगडाच्या चारी अंगांना, सावकाश, एकही ओघळ न सोडता चुना लावला, आणि फुली असलेला माथा तेवढा कोरा ठेवला.